रोगाची व्याख्या कुणाच्या हाती?

मूल जन्मलं, दोन श्वास घेतले आणि गेलं. हा जन्म धरायचा की नाही? १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात याचं उत्तर आहे. गर्भ किती आठवड्यांचा होता हे पाहायचं नाही. आईच्या शरीरातून पूर्ण बाहेर आल्यावर मुलाने श्वास घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कुठलीही खूण दिसली, की तो ‘जिवंत जन्म’. मूल घटकाभरात गेलं तरी आधी जन्माची नोंद करायची, मग मृत्यूची. खेड्यापाड्यांत मात्र बारशाआधी गेलेलं मूल पुष्कळदा कुणाच्या हिशेबातच नसे. ‘मेलेलंच झालं’ एवढं बोलून घरचे गप्प बसत. घरच्यांनी तसं म्हणणं समजू शकतं. पण आरोग्य खात्याच्या रजिस्टरात तसं लिहिलं गेलं, तर एकही मूल न वाचवता बालमृत्यूचा दर खाली येतो, कारण तो हजार जिवंत जन्मांमागे काढतात.

वैद्यकातली व्याख्या हा अशा प्रकारचा निर्णय असतो. रुग्ण कुणाला म्हणायचं, औषध कुणाला द्यायचं, कुणाला मोजायचं आणि कुणाला वगळायचं हे तिच्यावर ठरतं. आपल्याकडे वैद्यकीय परिभाषेची चर्चा निघाली की ती प्रतिशब्दांपाशी अडकते. हा शब्द संस्कृतप्रचुर, तो बोजड, इंग्रजीच बरा, असा वाद होत राहतो. त्याहून मोठा प्रश्न मागे राहतो: ही व्याख्या ज्याने लागू करायची आहे त्याच्या हातात ती पोचली का? या प्रश्नाचं सर्वांत भक्कम उत्तर महाराष्ट्रात एका दुष्काळी तालुक्याने दिलेलं आहे.

अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. उत्तरेकडे प्रवरा-गोदावरीचं पाटपाणी आणि साखर कारखाने, दक्षिणेकडे जामखेड, कर्जत, पाथर्डीचा कोरडवाहू पट्टा. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० मध्ये जामखेडला आलं. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातून शिकलेले. सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला झालेलं. सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प त्यांनी इथे सुरू केला. आधी प्रशिक्षित नर्सबाईंना गावात ठेवायचा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाही. मग गावानेच आपल्यातली एक बाई निवडून द्यायची, असं ठरलं. निवडून आलेल्यांत निरक्षर बाया होत्या, दलित बाया होत्या, टाकलेल्या बाया होत्या. त्या प्रशिक्षणाला जामखेडच्या केंद्रावर येत, परत गावी जाऊन काम करत आणि पुन्हा शिकायला येत.

या बायांना काय शिकवायचं, या प्रश्नात व्याख्येचा सगळा प्रश्न सामावलेला होता. ‘रक्तक्षय’ हा शब्द घ्या. पुस्तकात त्याची व्याख्या आकड्यात आहे: गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली, इतर बाईचं १२ च्या खाली. गावात तेव्हा रक्त तपासायची सोय नव्हती. पण खालची पापणी ओढून आतला रंग पाहता येतो, जीभ पाहता येते, नखं पाहता येतात, चार पावलं चढल्यावर धाप लागते का हे विचारता येतं. आकड्याइतकं हे नेमकं नाही. सौम्य रक्तक्षय अशा पाहणीतून निसटतो. पण ज्या बाईचा जीव बाळंतपणात जाऊ शकतो ती बहुधा निसटत नाही. हगवणीचंही तसंच. चोवीस तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब ही तिची व्याख्या, आणि त्यातली धोक्याची पायरी म्हणजे शरीरातलं पाणी आटणं. ‘निर्जलीभवन’ हा शब्द पाठ न करताही ते ओळखता येतं. डोळे खोल जातात, तान्ह्याची टाळू बसते, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की ती चटकन सपाट होत नाही. दोन सेकंदांहून जास्त वेळ कातडी उभी राहिली तर मूल गंभीर आहे. मोजमाप इथेही आहे, फक्त त्याला बोटं पुरतात.

आरोळ्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार प्रकल्पाच्या गावांतला बालमृत्युदर सुरुवातीला हजारी १७६ होता. पाच-सहा वर्षांत तो ५२ वर आला. या आकड्यावर विश्वास ठेवायचं कारण असं की मोजणी करणारी बाई त्याच गावची होती. कुणाला दिवस गेले, कोण बाळंत झाली, कुणाचं मूल गेलं हे तिला माहीत असे, आणि दोन श्वास घेऊन गेलेलं मूल तिच्यापासून लपत नसे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत प्राथमिक आरोग्य सेवेची व्याख्या जगाने मान्य केली, तेव्हा ज्या थोड्या अनुभवांचा आधार होता त्यांत जामखेड होतं. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्यसेविका १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत डॉक्टरांसमोर उभ्या राहून बोलल्या. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांना शास्त्र समजणार नाही, या समजुतीला याहून ठोस उत्तर मला माहीत नाही.

हाच धागा पुढे विदर्भात दिसतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या आपल्या संस्थेच्या आरोग्यदूतांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. न्यूमोनियाची गावपातळीवरची व्याख्या श्वासांच्या संख्येवर उभी आहे: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक. ज्यांना शंभरापर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं साधन बनलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळूचं घड्याळ रिकामं व्हायच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया. नवजात बाळाच्या जंतुदोषासाठी तर बंगांनी रक्ततपासणीची वाट न पाहता लक्षणांची यादी केली. रडणं क्षीण होणं, अंग सैल पडणं, दूध ओढायचं थांबणं, अंग गार लागणं किंवा ताप, अशा सातपैकी दोन खुणा एकदम दिसल्या की उपचार सुरू. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे काम प्रसिद्ध झालं, तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यात होतं. आज देशभरातल्या आशाताई बाळंतपणानंतर घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे ही व्याख्या आहे.

व्याख्या खाली पोचवण्याची ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की व्याख्या वरून बदलतात आणि खाली कुणी सांगत नाही.

कुपोषणाचं उदाहरण अंगणवाडीतल्या कुठल्याही जुन्या सेविकेला विचारा. पूर्वी वयानुसार अपेक्षित वजनाच्या किती टक्के वजन आहे यावरून पहिली ते चौथी अशा श्रेणी असत. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचं मूल म्हणजे धोक्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी प्रमाणकं दिली आणि पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे श्रेणी जाऊन ‘सॅम’ आणि ‘मॅम’ (मध्यम कुपोषित) आले. सॅम म्हणजे तीव्र कुपोषित: उंचीच्या मानाने वजन फारच कमी, किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली. हा घेर आधी अकरा होता. अर्धा सेंटिमीटर वाढवल्याने आणखी किती तरी मुलं उपचाराच्या कक्षेत आली, हे चांगलंच झालं. पण जुन्या श्रेणींच्या आणि नव्या सॅमच्या आकड्यांची तुलना करून ‘कुपोषण घटलं’ किंवा ‘वाढलं’ असं सांगणाऱ्या बातम्या अजून छापून येतात. ती तुलना करताच येत नाही. मोजपट्टी बदलली असेल तर बातमीत ते पहिल्या परिच्छेदात यायला हवं.

कुष्ठरोगाची गोष्ट याहून गंभीर आहे आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. कुष्ठरोगाची व्याख्या वैद्यकातल्या सर्वांत सुंदर व्याख्यांपैकी आहे असं मी म्हणेन, कारण ती कुणालाही वापरता येते. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या चट्ट्यावर संवेदना नाही. किंवा मज्जातंतू जाड झालेला आणि त्याच्या भागात बधिरपणा. किंवा त्वचेच्या नमुन्यात जंतू. तपासणी साधी आहे. रुग्णाने डोळे मिटायचे, तपासणाऱ्याने बॉलपेनच्या टोकाने हलका स्पर्श करायचा आणि रुग्णाने त्या जागी बोट ठेवायचं. चट्ट्यावर बोट पडलं नाही की पुढची तपासणी. या एका चाचणीने पांढरे कोड असलेली माणसं वेगळी काढता येतात. कोडात संवेदना शाबूत असते, तो संसर्गजन्य नसतो आणि त्याचा कुष्ठाशी काही संबंध नसतो. पिढ्यान्‌पिढ्या कोड आलेल्या मुलींची लग्नं मोडली, ती या दोन आजारांची गल्लत केल्यामुळे. जामखेडने कुष्ठरुग्णांसाठी वेगळी वसाहत न काढता त्यांना इतर रुग्णांबरोबरच तपासलं आणि चट्टा ओळखायचं काम गावातल्या सेविकेकडे दिलं.

आता त्याच रोगाची दुसरी व्याख्या पाहा. २००५ च्या डिसेंबरमध्ये भारताने कुष्ठरोगाचं ‘निर्मूलन’ झाल्याचं जाहीर केलं. ऐकणाऱ्याला वाटतं रोग संपला. सरकारी व्याख्येत निर्मूलन म्हणजे दहा हजार लोकसंख्येमागे उपचार घेणारे रुग्ण एकाहून कमी. शिवाय हा दर त्या दिवशी नोंदीवर असलेल्या रुग्णांचा असतो. बहुविध औषधोपचार आल्यावर, पाचपर्यंत चट्टे असलेल्या रुग्णाचा उपचार सहा महिन्यांत संपतो, त्याहून जास्त चट्टे असतील तर बारा महिन्यांत. हे बारा महिने आधी चोवीस होते. उपचार निम्म्या काळात संपला की नोंदीवरचे रुग्णही निम्म्याने कमी दिसतात, नवे रुग्ण तितकेच येत असले तरी. औषधं उत्तम आहेत आणि त्यांनी लाखो हात-पाय वाचवले, यात शंका नाही. पण ‘निर्मूलन’ या शब्दाने कार्यकर्ते कमी झाले, पाहणी मंदावली आणि ‘आता कुठे आहे कुष्ठ?’ असं विचारणारे डॉक्टर तयार झाले. हा शब्द लोकांपुढे आणताना त्याची व्याख्या सोबत न देणं ही धोरणाची चूक होती, असं माझं ठाम मत आहे. क्षयरोगाच्या बाबतीत ती पुन्हा होऊ नये. क्षयाच्या संशयासाठी पूर्वी तीन आठवड्यांचा खोकला धरत, आता दोन आठवड्यांचा धरतात; हे तरी प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

रक्तदाब आणि मधुमेह यांच्या सीमारेषाही सरकत्या आहेत. उपाशीपोटी साखर १४० च्या वर म्हणजे मधुमेह, ही रेषा १९९७ मध्ये १२६ वर आली. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये रक्तदाबाची रेषा १४०/९० वरून १३०/८० वर आणली, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी १४०/९० च मानतात. अशा बदलांमागे अभ्यास असतात, औषध कंपन्यांचे हितसंबंधही असू शकतात. दोन्ही गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात.

आणि मग आपली रोजची बोली. ‘मला बीपी आहे’, ‘पेशी कमी झाल्या’, ‘पित्त उसळलं’, ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’. हे शब्द चुकीचे म्हणून हसण्यावारी नेणं मला पटत नाही. डेंग्यूत ‘पेशी’ म्हणजे प्लेटलेट हे गावोगाव सगळ्यांना कळतं. अडचण पुढे आहे. दीड लाखाच्या खाली आकडा गेला की घरचे रक्तपेढीकडे धावतात, पण रक्तस्राव नसेल तर साधारण दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत बाहेरून प्लेटलेट द्यायची गरज बहुधा पडत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. ‘पित्त’ तर जिवावर बेततं. आयुर्वेदात पित्ताची स्वतःची काटेकोर व्याख्या आहे. नगर शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांच्या पुढाकाराने १९१७ पासून आयुर्वेदाचं महाविद्यालय आहे आणि तिथला विद्यार्थी पित्ताचे पाच प्रकार सांगेल. आधुनिक वैद्यकात पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा रस. बोलीतलं पित्त या दोन्हींहून वेगळं: जळजळ, मळमळ, डोकेदुखी, काहीही. छातीच्या मध्यभागी दाब, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ, हे सगळं ‘पित्त झालंय’ म्हणून रात्रभर सोड्यावर काढलं जातं आणि हृदयाचा स्नायू मरत राहतो. पन्नाशीच्या माणसाने असं पित्त ईसीजी काढल्याशिवाय पित्त समजू नये.

पण चुकीच्या व्याख्येची सर्वांत मोठी किंमत या भागात बायांनी मोजली आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते; एक दिवस चुकला तर ‘खाडा’ पडतो आणि पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीत कपडा बदलायला आडोसा नाही. अशा बाईला अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, पाळीला जास्त जातं. ती खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘बल्की युटेरस’ लिहिलेलं असतं. ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाकलेली बरी’ असं तिला सांगितलं जातं.

हे शब्द एकेक करून पाहू. ‘बल्की’ म्हणजे गर्भाशय आकाराने थोडं मोठं. तीन-चार बाळंतपणं झालेल्या बाईचं ते असतंच. तो आकाराचा उल्लेख आहे, आजाराचं नाव नाही. पांढरं जाणं काही वेळा पूर्णपणे नैसर्गिक असतं, काही वेळा जंतुसंसर्गाने असतं आणि त्यावर गोळ्या असतात. कॅन्सरची भीती खरी असेल तर गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून पाहायची स्वस्त चाचणी सरकारी दवाखान्यात होते, आणि संशय आला तर तुकडा तपासतात. मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणं, कॅन्सर ही गर्भाशय काढायची कारणं आहेत, ‘सूज’ नाही. आणि ‘पिशवी’ म्हटलं की नेमकं काय काढलं हेही झाकलं जातं. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयं काढली, तर तिशीतल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. अनेक बायांना हे ऑपरेशननंतर कंबर मोडल्यावर कळलं.

२०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांच्या पाहणीत तेरा हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या जिल्ह्यात खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. २०२२ मध्ये केंद्राने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी १९८९ मध्येच गडचिरोलीतल्या दोन गावांत ९२ टक्के बायांना कुठला ना कुठला स्त्रीरोग असल्याचं दाखवलं होतं. म्हणजे त्रास खरा होता आणि तीस वर्षं माहीत होता. त्याला बरं करणारी प्राथमिक सेवा पोचली नाही. त्याची चुकीची व्याख्या आणि चाकू पोचला. एक कोयता म्हणून तिला मोजणाऱ्या व्यवस्थेला पाळी नसलेली बाई सोयीची होती, हेही स्पष्ट म्हणायला हवं.

मराठीत परिभाषा घडवण्याचे प्रयत्न कमी झालेले नाहीत. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६१ पासून मराठीतून वैद्यकाचा वर्ग चालला आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्यासारख्यांनी मराठीत पाठ्यपुस्तकं लिहिली. भाषा संचालनालयाने जीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र यांचे परिभाषा कोश काढले, मराठी विश्वकोशात वैद्यकावरच्या उत्तम नोंदी आहेत, डॉ. श्याम अष्टेकरांनी गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी मराठीत वैद्यकाचं पुस्तक लिहिलं. यातलं शेवटचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं, कारण ते लक्षणापासून सुरू होऊन निर्णयापर्यंत नेतं. मध्य प्रदेशात २०२२ मध्ये हिंदीतून एमबीबीएसची पुस्तकं आली आणि आपल्याकडेही मराठीची मागणी होते. ती जरूर व्हावी. पण डॉक्टर मराठीतून शिकला आणि केसपेपर इंग्रजीतच राहिला, तर ऊसतोडणीच्या फडावरून आलेल्या बाईला काय मिळालं?

म्हणून आरोग्य खात्याकडे मागणी साधी आहे. प्रत्येक केसपेपरवर, डिस्चार्ज कार्डावर आणि संमतीपत्रावर रोगाचं नाव मराठीत, तो कशावरून ठरवला ते एका ओळीत, आणि शस्त्रक्रिया असेल तर शरीरातलं नेमकं काय काढणार ते लिहिणं बंधनकारक करावं. वाचकांनाही सांगणं आहे. घरातल्या बाईला ‘पिशवी काढा’ असं सांगितलं गेलं, तर सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागा: आजार कोणता, तो कोणत्या तपासणीने ठरला, आणि अंडाशयं ठेवणार की काढणार. उत्तर लिहून मिळालं नाही, तर कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. जीव धोक्यात घालणारा रक्तस्राव सोडला, तर या शस्त्रक्रियेला आठ दिवस थांबल्याने सहसा काही बिघडत नाही.